हताहत म्हणजे नेमके कोण

२ मार्च

क्रमाने लिहितो, म्हणजे हात स्थिर राहील.

आखातात लढाई सुरू झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात एक मदत कक्ष उघडला आहे. इकडची पुष्कळ माणसे तिकडे कामाला आहेत. त्यांच्या घरचे लोक कक्षात फोन करतात आणि तिथली मंडळी उत्तरे देतात. उत्तरे देताना कोणते शब्द वापरावेत आणि कोणते टाळावेत, हे त्या मंडळींना शिकवण्याचे काम मला मिळाले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडे असे काम सहसा चालत येत नाही. माझी मुलगी मेघा त्याच टापूत, एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे, हे सांगितल्यावर फोनवरचे साहेब “मग राहू द्यायचं का सर?” म्हणाले. मी म्हणालो, “उलट आता तर द्याच.” घरात नुसते बसून टीव्ही पाहणे मला सोसणार नाही.

त्यांनी पाठवलेल्या नमुना उत्तरात पहिल्याच ओळीत ‘हताहत’ हा शब्द आहे. रचनेच्या दृष्टीने किती देखणा शब्द. ‘हत’ आणि ‘आहत’ यांचा समास, आणि दोन्ही ‘हन्’ या एकाच धातूपासून आलेले. हत म्हणजे ठार झालेला. आहत म्हणजे ज्याच्यावर आघात झाला तो, जखमी. तार छेडल्यावर निघणाऱ्या नादाला संगीतात आहत नाद म्हणतात, तो हाच आहत. बोलताना मराठी माणूस हा शब्द वापरत नाही. हिंदी बातम्यांच्या वाटेने तो आपल्या बातम्यांत रुळला, कारण बातमीदाराला तो सोयीचा आहे. मेले किती आणि वाचले किती हे ठाऊक नसतानाही वाक्य पूर्ण करता येते.

नेमक्या याच कारणासाठी तो मदत कक्षात चालणार नाही. फोन करणाऱ्या आईला पूर्ण वाक्य नको असते. तिला मेले की वाचले एवढेच हवे असते.

हे लिहीत असताना रूपा दारात येऊन म्हणाली, “अहो, मेघाचा फोन येऊन गेला. बरी आहे. आवाज बसलाय तिचा.”

बरी आहे. आजचा दिवस पार पडला.

४ मार्च

पहिला वर्ग झाला. दोन तास कसे गेले कळले नाही. खडू हातात आला की माझी भीती फळ्याच्या मागे जाते.

पहिल्या नियमाने ‘हताहत’ रद्द केला. त्याऐवजी चार शब्द दिले: सुखरूप, जखमी, मृत, आणि अद्याप संपर्क नाही. दुसऱ्या नियमाने ‘बेपत्ता’सुद्धा काढून टाकला. पत्ता ठाऊक असतो, फक्त फोन लागत नसतो, आणि ‘बेपत्ता’ ऐकल्यावर माणूस थेट वाईटाकडे धावतो. ‘कॅज्युअल्टी’ या इंग्रजी शब्दाचेही मी नीट विवरण केले. सैन्यात त्याचा अर्थ, जो उद्या रांगेत उभा राहू शकणार नाही तो प्रत्येक जण. मेलेला, जखमी, पकडला गेलेला, हरवलेला, सगळे एकाच आकड्यात. तिथे दुःख मोजायचे नसते, उरलेले सैन्य मोजायचे असते. आपल्या शहरात मात्र कॅज्युअल्टी ही घाटी या सरकारी दवाखान्यातली एक खोली आहे, जिथे अपघाताचा माणूस आधी नेतात. शीला नावाची एक मुलगी म्हणाली, “सर, माझ्या मामीला कॅज्युअल्टीत आहे म्हटलं तर ती डबा घेऊन निघेल.” वर्ग हसला. मीही हसलो.

रामप्रसाद म्हणून एक जण आहे, सोयगावकडचा. वडील मुंजाबा अजून मेंढरांमागे फिरतात. याने शिकून इथे नोकरी धरली. तो म्हणाला, “सर, चार शब्द लई झाले. आमची म्हाळसाबाई आजी फोनवर आली तर एकच इचारील. हाय का गेलं?”

“मग तू काय सांगशील?”

“हाय म्हणीन. नसलं तरी हाय म्हणीन. मग तिच्या भावकीतल्या कुणाला तरी फोन लावीन.”

“आणि हेच करायचं नाही,” मी म्हणालो, आणि तिसरा नियम फळ्यावर लिहिला. माहिती हाती नसेल तर घरातल्या कोणीही विचारले तरी मोकळेपणाने ‘माहिती नाही’ असे सांगावे. माहिती आली असेल तर मात्र ती फक्त नोंदवलेल्या नंबरवर द्यावी, घरातल्या एकाच माणसाला. इतरांना एवढेच सांगावे: ‘नोंदवलेल्या नंबरलाच माहिती देता येते.’ एकच बातमी काका, मामा आणि शेजारी यांच्याकडे तीन तोंडांनी गेली की संध्याकाळपर्यंत जखमीचा मृत होतो. घरात जो कमी बोलतो आणि जास्त ऐकतो, त्याचा नंबर नोंदवावा.

वर्गानंतर रामप्रसादने मेघाचे नाव नोंदवून घेतले. “नंबर तुमचाच टाकू ना सर?”

मी रूपाचा सांगितला. नियम करणाऱ्याने नियम आधी पाळावा.

५ मार्च

सकाळी मेघाशी मी स्वतः बोललो.

“बाबा, आम्ही खाटा तळघरात हलवल्यात. एका खाटेवर दोन पेशंट.”

“जेवलीस का?”

“आत्ता काय जेवण. काल बिस्किटं खाल्ली. तुमची गोळी घेतली का?”

मागल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंटची स्प्रिंग बसवली, तेव्हापासून ती रोज हे विचारते. मी तिला माझ्या वर्गाचे सांगायला सुरुवात केली. चार शब्द, तीन नियम. ती ऐकत होती. मग मागे एक लांब, चढत जाणारा आवाज सुरू झाला. कुत्रे रडावे तसा, पण थांबतच नव्हता.

“हे काय?”

“भोंगा. रोजचं आहे. बाबा, नंतर सांगा हं नियम, मी ठेवते.”

तिचा आवाज अगदी साधा होता.  खुर्चीतून उठलो तेव्हा रूपा माझ्याकडे पाहत होती. “काय म्हणाली?” तिने विचारले. “रोजचं आहे म्हणाली,” मी सांगितले.

७ मार्च

काल दिवसभर संपर्क नाही. आज नाही.

दुपारी टीव्हीवर खालच्या पट्टीत ओळ सरकत गेली: रुग्णालयाच्या इमारतीवर आघात, अनेक हताहत. शहराचे नाव मेघाच्या शहराचे. रुग्णालयाचे नाव दिले नाही. त्या शहरात रुग्णालये किती, हे मी मोजायला बसलो आणि मोजता येईना.

अनेक हताहत. अनेक हत आणि एक आहत, तरी अनेक हताहत. एक हत आणि अनेक आहत, तरीही तेच. समासात आधी हत येतो म्हणून संख्येनेही तोच मोठा, असे काही नाही. तो अनुक्रम केवळ उच्चाराच्या सोयीचा. हे मी रूपाला मोठ्याने समजावून सांगत होतो. तिने मध्येच टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवले, आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

कक्षात फोन केला. रामप्रसाद होता.

“नाय सर. कायच माहिती नाय. फोनच लागंना तिकडं कुणाचा.”

“माहिती नाही, म्हणजे अद्याप संपर्क नाही.”

“व्हय सर. तेच.”

त्याने नियमाप्रमाणे सांगितले. मला बरे वाटायला हवे होते.

८ मार्च

आज नळाला पाणी आले. आठवड्यातून एकदा येते तेव्हा गल्लीत सगळ्यांची धावपळ होते. रूपा उठलीच नाही. मी एकट्याने टाकी भरली. बादली उचलताना छातीत कळ आली असे वाटले, मग ती भीती आहे असे ठरवले. दोन्ही एकाच जागी दुखतात.

मेघा लहान असताना पिशोरच्या बाजारात हरवली होती, तेव्हा मी तिला शोधले होते. तेव्हाची गोष्ट वेगळी, हाक मारता येत होती.

कक्ष: माहिती नाही.

१० मार्च

आज नोंदवण्यासारखे पुष्कळ आहे. क्रमाने.

सकाळी मी गच्चीवर टाकीचे झाकण बसवत होतो तेव्हा खाली रूपाचा फोन वाजला. उतरून आलो तो ती फ्रिजला टेकून उभी, तोंडावर पदर. “कोणाचा?” म्हणून विचारले. “गॅसवाल्याचा,” म्हणाली. सिलिंडर तर आठवड्यापूर्वीच आला आहे. पण इतक्या ताणात माणसाला फोनच्या आवाजानेही हुंदका येतो, हे मला समजते.

नंतर ती शेजारच्या सरूबाईंकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. दुपारी सरूबाई स्वतः भाकरी आणि पिठले घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सर, गरम हाय, खाऊन घ्या. लेकीसाठी तरी खायला पायजे माणसानं.” शेजार असा हवा.

संध्याकाळी कक्षात फोन केला. शीला होती. मी विचारले तशी ती म्हणाली, “सर, नोंदवलेल्या नंबरलाच माहिती देता येते.”

“शाबास,” मी म्हणालो. फोनवर प्रशिक्षक असला तरी नियम ढळू द्यायचा नाही, हे तिने बरोबर हेरले. माझ्या हुद्द्याचा तिने मुलाहिजा ठेवला नाही. एका वर्गात एवढे झाले, हे थोडे नाही.

फोन ठेवल्यावर मनात काहीतरी आले होते. ते लिहीत नाही.

११ मार्च

रूपाचा धाकटा भाऊ बुद्धभूषण देवगाव रंगारीहून आला आहे. त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे आणि ते सोडून तो सहसा कुठे जात नाही. “जय भीम दाजी. सहज आलो,” म्हणाला. सहज आलेल्या माणसाबरोबर लोखंडी नळ्या आणि ड्रिल मशीन होते.

त्याने न्हाणीघरात भिंतीला आडवी नळी बसवली. एक कमोडशेजारी उभी. मी विचारले, हे कशाला? तो माझ्याकडे बघेना. “तुमच्या गुडघ्यासाठी, दाजी. ताईनं सांगितलं.” माझे गुडघे बरे आहेत. दुखते ते वर, छातीत.

मग दोघांनी मिळून माझी अभ्यासाची खोली रिकामी केली. कोश आणि पुस्तके वरच्या मजल्यावर, आणि वरचा पलंग खाली. मी म्हणालो, “रूपा, हे आत्ताच करायला हवं का?” ती म्हणाली, “हाताला काम पाहिजे मला. तुम्हाला आहे ना तुमचं काम.”

मी दोन कोश उचलून जिन्याकडे निघालो.

१२ मार्च

रूपाची मला भीती वाटू लागली आहे. आता ती टीव्ही लावत नाही. काल रात्री झोपली. आज दोन पोळ्या खाल्ल्या. चार दिवसांपूर्वी मांडीवरून फोन खाली ठेवत नसे, आज तो स्वयंपाकघरात तसाच चार्जिंगला लावून ती अंगणात भूषणशी बोलत होती. मी जवळ गेलो तसे दोघे गप्प झाले.

“अहो, चहा ठेवू?”

मुलगी संपर्कात नसताना आई असे विचारू शकते का? मानसशास्त्राच्या दृष्टीने याला नकार म्हणतात: असह्य गोष्ट मन आत येऊच देत नाही, आणि वरून माणूस शांत दिसतो. तिच्या मनावर परिणाम झाला आहे असे मला वाटते. भूषणला बाजूला घेऊन हे सांगितले. तो चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

“दाजी,” म्हणाला, “ताईचं डोकं लई जाग्यावर हाय. तुम्ही ताईची काळजी नका करू.”

“मग कोणाची करू?”

तो ड्रिल उचलून आत गेला.

१३ मार्च

कोणीतरी पडलेल्या इमारतीचे चित्रीकरण पाठवले. उघडले नाही. तसेच ठेवले आहे. फोनला हात लावायलाही भीती वाटते, बोट चुकून त्यावर पडेल म्हणून.

१४ मार्च

आज कक्षात उजळणीचा वर्ग होता. रूपा म्हणाली जाऊ नका, मी गेलो.

उजळणी मी नेहमी एकाच पद्धतीने घेतो. एकेकाला उभे करतो आणि नियम त्याच्या शब्दांत सांगायला लावतो. पाठांतर नको. स्वतःच्या शब्दांत सांगता आले तरच समजले असे मानायचे. पहिला नियम शीलाने सांगितला, दुसरा दुसऱ्या कोणी. तिसऱ्यासाठी मी रामप्रसादला उभे केले.

“सर, दुसऱ्याला इचारा ना.”

“का? तुला येत नाही?”

“येतं.”

“मग सांग.”

तो खिडकीकडे पाहत सांगू लागला. “माहिती नसली, तर कुणीबी इचारू द्या, सांगायचं, माहिती नाय. लपवायचं कायच नाय.” तो थांबला.

“बरोबर. आणि?”

“आणि माहिती आली असली...”

“हं.”

“तर मग म्हणायचं, नोंदवलेल्या नंबरलाच...”

त्याने वाक्य पुरे केले नाही.  शीला मान खाली घालून बसली होती. मी फळ्याकडे वळलो. माझ्याच अक्षरात तिसरा नियम अजून तिथे होता, कोणी पुसला नव्हता. दहा तारखेच्या फोनवर तिने मला कोणते वाक्य म्हटले होते, ते मला ठाऊक होते. त्याच संध्याकाळपासून ठाऊक होते.

मी म्हणालो, “बरोबर. बसा.” मग पुढचा प्रश्न विचारला. काय विचारला ते आठवत नाही. कोणीतरी उत्तर दिले, मी तेही बरोबर म्हटले.

वर्ग संपल्यावर जिना उतरताना मध्येच थांबलो. कठड्याला धरून उभा राहिलो. मागून रामप्रसाद आला.

“सर, मला बोलायची परवानगी नाय.”

“नाही. नाहीच.”

“तरी बोलतो. मेघाताई हायेत. येवढंच. बाकी घरी इचारा बाईंना. नियम मोडला म्हणून लिहा माझ्या नावावर.”

 त्याने रिक्षा थांबवली, मला आत बसवले आणि चालकाला म्हणाला, “भाई, आराम से ले जाओ. सर का तबियत नाजूक है.”

आहेत. रिक्षात मी तो एकच शब्द उच्चारत होतो, आणि माझ्या चारही शब्दांत तो नव्हता.

१४ मार्च, पुढे

रूपा पोळ्या लाटत होती. मी दारात उभा राहून विचारले, “काय झालंय तिला?”

तिने लाटणे ठेवले. गॅस बंद केला, मग म्हणाली.

“डावा पाय. गुडघ्याखालचा काढला.”

“कधी कळलं?”

“मंगळवारी. कक्षातून फोन आला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बोलली, पाच मिनिटं. दुसऱ्या गावी हलवलंय, तिथं शांत आहे. मग मुंबईला आणतील, मग इकडं.”

मला खाली बसायचे होते, पण स्वयंपाकघरात खुर्ची नसते.

“मला का नाही सांगितलंस?”

“ती म्हणाली, बाबांना मी सांगते, मला जरा बसता येऊ द्या. आणि तुमची छाती.” रूपा पिठाचे हात पुसत राहिली. “आणि खरं सांगू का?”

“सांग.”

“तुम्ही मला समजावून सांगितलं असतं. गुडघ्याखाली म्हणजे नेमकं कुठं, आजकाल कसले पाय मिळतात, कोण कोण त्यावर चालतं. सगळं बरोबर सांगितलं असतं तुम्ही. मला आधी रडायचं होतं.”

भूषण मागच्या दारातून आत येत होता, तसाच परत फिरला.

मी खरोखरच बोलायला तोंड उघडले होते. गुडघ्याखालचा भाग काढला आणि गुडघा राहिला, तर चालणे किती सोपे जाते, हे मी कुठेतरी वाचले आहे, आणि ते वाक्य जिभेवर तयार होते. मी ते गिळले. रूपा रडली नाही. तिचे रडून झाले होते, चार दिवस, सरूबाईंच्या घरात. आता माझे बाकी होते, आणि ते काही केल्या येईना.

१६ मार्च

मेघा व्हिडिओवर दिसली. चेहरा बारीक झाला आहे. भुवईवर टाके आहेत. कॅमेरा तिने गळ्याच्या खाली जाऊ दिला नाही.

“बाबा, आईनं सांगितलं ना?”

“हो.”

“काहीतरी बोला की.”

“तू जेवलीस का?”

ती हसली आणि लगेच रडली, आणि रडताना म्हणाली, “इथलं जेवण भंगार आहे.” मग विचारले, “तुमची गोळी?”

मी घेतली म्हणालो. खोटे होते. फोन ठेवल्यावर घेतली.

१९ मार्च

काल कक्षात गेलो. तिसरा नियम बदलला नाही. बदलायला हवा असे वाटले होते, पण नीट विचार केल्यावर तो बरोबरच आहे असे दिसते. फक्त त्याखाली एक ओळ घातली: नोंदवलेला माणूस घरच्यांना कधी सांगेल, हे आपल्या हातात नाही. रामप्रसादची तक्रार केली नाही. त्याच्याशी मी त्याबद्दल बोललोही नाही. त्याने मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

भीती कमी झाली आहे असे लिहिणार होतो. तशी ती झालेली नाही. आधी ती एका प्रश्नाची होती. आता रोज नव्या गोष्टींची आहे. विमान. जिना. ओली फरशी. ती एकटी असेल तेव्हाची वेळ.

२६ मार्च

आली.

चिकलठाण्याच्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली. अंगावर मोठी शाल, मांडीपासून खाली गुंडाळलेली. रूपा पुढे गेली आणि तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, भर वाटेत. लोक बाजूने जात राहिले. मी सामान घेतले. सामान म्हणजे एकच पिशवी होती.

गाडीत भूषण म्हणाला, “भाचीबाई, काय तब्येत?”

“मामा, वजन कमी झालंय बघ,” ती म्हणाली. हसावे की नाही, कोणालाच कळेना. मग तीच हसली.

२८ मार्च

सकाळी रूपा सरूबाईंबरोबर गल्लीच्या तोंडाशी टँकरसाठी गेली होती. भूषण काल गावी परतला. घरात मी आणि मेघा. ती कुबड्या घेऊन न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावली. कडी लावू नको असे मला म्हणायचे होते. तीस वर्षांच्या मुलीला तसे कसे म्हणणार, म्हणून गप्प राहिलो.

मग आत धप्प असा आवाज झाला आणि कुबडी फरशीवर घरंगळत गेली.

“मेघा.”

उत्तर नाही. दाराला हात लावला. माझे बोट कडीच्या बाहेरच्या बाजूने फिरत होते, जिथे काहीच नसते.

“मेघा.”

“आहे. आत येऊ नका.”

“कडी लावलीयस. येणार कसा?”

“बरंय मग.” ती धापा टाकत होती. “लागलं नाही फारसं. उठते. वेळ लागेल.”

“भूषणला बोलावू? दार काढतो तो.”

“तो देवगावला आहे, बाबा. दुपार होईल.” थोडा वेळ नळाचे ठिबकणे ऐकू आले. मग ती म्हणाली, “बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. तिथं पडले होते ना मी, तेव्हा आधी सगळे ओरडत होते. मग एकेक करून गप्प झाले. मग कोणाचाच आवाज नव्हता. मला घरात आवाज पाहिजे.”

मी दाराशी जमिनीवर बसलो. इतकी वर्षे बोलण्यावर पोट भरले, आणि एक वाक्य सुचेना. तीच आतून म्हणाली, “लंगडी हा शब्द कुठून आला हो?”

 तिने मुद्दाम विचारले होते. त्या शब्दाकडे मी इतके दिवस पाहतही नव्हतो.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“तुम्हाला? माहीत नाही?”

“नाही. शोधावं लागेल.”

“नका शोधू. दुसरं काहीतरी बोला. गल्लीतलं सांगा.”

म्हणून गल्लीतले सांगितले. मागल्या महिन्यात टँकर आला तेव्हा बद्रीनाथ टेलरने आपले पिंप सगळ्यांच्या पुढे लावले आणि सरूबाईंनी ते पायाने सरकवले. मग बद्रीनाथ म्हणाला, “बाई, हे पिंप तुमच्या लग्नाच्या आधीपासून इथं हाय,” आणि सरूबाई म्हणाल्या, “मग त्याचं वय झालं, त्याला घरी बसव.” दाराच्या आत कपडा फरशीवर ओढल्याचा आवाज येत होता. थांबत होता. पुन्हा येत होता. प्रत्येक वेळी थांबला की माझा आवाज चढायचा. भांडणात जे झाले नाही तेही मी सांगू लागलो. गल्लीतल्या तात्यासाहेब वकिलांना मध्ये आणले, ते त्या दिवशी गावातही नव्हते. त्यांच्या हातात कायद्याचे पुस्तक दिले. पिंपाला नोटीस पाठवली.

एकदा ती जोरात कण्हली. मी थांबलो.

“थांबू नका,” ती म्हणाली.

मी थांबलो नाही. आता मी पिंपाच्या वतीने वकिलांना उत्तर देत होतो.

कडी निघाली. मेघा भिंतीला धरून उभी होती, कोपर खरचटलेले, केस ओले, एका पायावर.

“मग?” ती म्हणाली. “पिंपाचं काय झालं पुढं?”

मी उठून तिच्या काखेत हात घातला आणि पलंगापर्यंत जाताना पुढचे सांगत गेलो.